ठाण्यात पाच दिवसांचा मुक्काम: गाडी ठरवायची की लोकलने फिरायचं?

परभणीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. धाकट्या दिरांनी घोडबंदर रोडवर कासारवडवलीला घर घेतलंय. शनिवारी सकाळी देवगिरी एक्स्प्रेसने चौघं येणार आणि बुधवारी रात्री त्याच गाडीने परत जाणार. ताई, त्यांचे यजमान, गुडघेदुखीच्या सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. दीर-जाऊ दोघंही नोकरीला, त्यामुळे फिरायचं यांनाच. ताई लिहितात: “रविवारी सुट्टी म्हणून गर्दी कमी असेल, तेव्हा लोकलने गेटवे आणि मरीन ड्राइव्ह करावं, सोमवारी घारापुरी, मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी राणीबाग, असं ठरवलंय. हे म्हणतात रोज दिवसभराची गाडी ठरवू. मला वाटतं खर्च उगाच वाढेल. पण लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं टीव्हीवर बघून सासूबाईंनी हाय खाल्लीय. मध्येच नेरुळच्या मावशीकडेही जाऊन यायचंय, तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते ना? आम्हाला मुंबई जमेल का?”

ताई, जमेल. पण आधी ते वेळापत्रक फाडून टाका. एकेक वार इतका नेमका चुकलाय की मला तुमचं कौतुकच वाटलं. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. मंगळवार म्हणजे गणपतीचा वार, सिद्धिविनायकाला त्या दिवशी रांग कुठवर जाते ते विचारू नका, आणि तो मंगळवार अंगारकीचा निघाला तर सासूबाईंना घेऊन जाण्याचा विचारही नको. राणीबागेला, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाला, बुधवारी सुट्टी. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. रुळांची, सिग्नलची, तारांची कामं रेल्वे रविवारी करते, साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत. गाड्या कमी धावतात, जलदच्या गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, सगळं उशिरा चालतं. गर्दी कमी असेल या आशेने आलेला पाहुणा नेमका त्यात सापडतो. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे हे शनिवारच्या मराठी पेपरात छापून येतं आणि एम-इंडिकेटर या अॅपवरही दिसतं. ते अॅप परभणीतच मोबाइलवर घेऊन ठेवा. इथले लोक लोकलची वेळ त्यातच बघतात.

आता तुमच्यात आणि यजमानांत चाललेल्या वादाबद्दल. गाडी की लोकल, याचं उत्तर वारावर आणि वेळेवर आहे, खर्चावर कमी. तुम्ही दोघंही मुंबईची काळजी करताय, पण तुमची खरी परीक्षा कासारवडवली ते ठाणे स्टेशन या नऊ-दहा किलोमीटरांत आहे. ठाण्याहून सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, चौतीस किलोमीटर, आणि धीम्या लोकलनेही तासाभरात येतं. घोडबंदर रोडवर कोणी असं वेळेचं वचन देत नाही. गुजरातकडे जाणारे कंटेनर, मेट्रोचे खांब, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले टॉवर, आणि त्या टॉवरांतले सगळे जण सकाळी आठ ते साडेदहा एकाच दिशेने निघालेले. तेव्हा दिवस आखताना ‘घरातून किती वाजता निघायचं’ हा पहिला प्रश्न. माझं उत्तर: एकतर सकाळी सहाच्या आत, नाहीतर दहा वाजून गेल्यावर. मधल्या वेळेत जाऊबाईंच्या हातचे पोहे खा.

याच कारणासाठी रोज गाडी ठरवण्याच्या मी विरुद्ध आहे. भाड्याची गाडी बहुधा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या हिशेबाने मिळते. कासारवडवलीहून गेटवेला जाऊन आलात की ऐंशी किलोमीटर तिथेच संपले, आणि कामाच्या दिवशी आठातले चार तास गाडीत बसूनच गेले. पुढचं प्रत्येक किलोमीटर आणि प्रत्येक तास वेगळ्या दराने. पण रविवारी मात्र यजमानांचं ऐका. सकाळी साडेसहाला गाडी बोलवा. पूर्व द्रुतगती महामार्ग, पुढे चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवे, आणि थेट सीएसएमटीच्या जवळ उतरता. २०१३ साली हा फ्रीवे सुरू झाल्यापासून रविवारच्या सकाळी हा प्रवास म्हणजे मजाच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंडच्या नाक्यावर लहान गाड्यांना टोलही नाही, तेव्हा ड्रायव्हरने टोलचे पैसे मागितले तर कुठल्या नाक्याचे ते विचारा. गेटवे, मरीन ड्राइव्ह, मलबार हिलवरची कमला नेहरू बाग (मुलाला ‘म्हातारीचा बूट’ दाखवा, सासूबाईंनाही तो बघायला आवडेल) एवढं करून जेवायच्या वेळेला परत निघा. संध्याकाळी गेटवेवर अख्खी मुंबई लोटते, ती गर्दी तुम्हाला नको.

शनिवारी आल्या आल्या काही करू नका. एकच गोष्ट नीट करा: देवगिरीचं तिकीट दादरपर्यंतचं असेल तरी ठाण्यालाच उतरा. गाडी तिथे थांबते. पुष्कळ पाहुणे तिकिटावर दादर आहे म्हणून दादरला उतरतात आणि सामान घेऊन उलट ठाण्याला येतात, तेही सकाळच्या गर्दीत. उतरल्यावर पश्चिमेला या. पूर्वेला गेलात तर कोपरी, तिथून घोडबंदरला जायला पुन्हा वळसा. पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या उंच पुलावरून (त्याला सॅटिस म्हणतात) टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बस सुटतात, पण सामानासह चौघं असाल तर टॅक्सीच करा. रिक्षात कायद्याने तिघंच बसतात. मुलाला मांडीवर घेऊ म्हटलं तर काही रिक्षावाले नेतात, काही नाही म्हणतात, आणि नाही म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मीटरने गेलात तर पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये, हा फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर आहे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त.

ठाण्यात पत्ता सांगायची तऱ्हा वेगळी आहे, ती लक्षात ठेवा. इथे रस्त्याचं नाव कोणी घेत नाही. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, मग कासारवडवली. घराकडे जाताना हा क्रम. बसमध्ये बसल्यावर बाहेर बघत राहिलात आणि ही नावं याच क्रमाने आली की वाट बरोबर आहे. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीवर जा. मासुंदा तलाव, काठावर कोपिनेश्वराचं देऊळ, मुलाला बोटिंग. तहसीलदार कचेरीजवळची मामलेदार मिसळ प्रसिद्ध आहे, पण ती जाळ असते. सासूबाईंना नको. परभणीच्या माणसाला तिखटाचं काय सांगायचं, हे मला ठाऊक आहे, तरी पहिल्याच दिवशी नको.

आता लोकल. सासूबाईंची भीती खोटी नाही. टीव्हीवर दिसतं ते खरंच आहे, फक्त ते सकाळी आठ ते साडेदहा ठाण्याहून मुंबईकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ मुंबईहून ठाण्याकडे. दुपारी बारा वाजता याच गाडीत पाय पसरून बसलेली माणसं दिसतील. तुम्ही फिरायला आलाय, मस्टर गाठायला नाही, तेव्हा त्या दोन वेळा सोडून द्या आणि सासूबाईंना निर्धास्त न्या.

जलद लोकलचा मोह मात्र धरू नका. फलाटावरच्या इंडिकेटरवर कर्जत, कसारा, बदलापूर असं ठाण्याच्या पुढचं नाव दिसलं आणि ‘ठाण्याला थांबते’ म्हणून चढलात, तर संध्याकाळी त्या गाडीत तुमचं स्वागत होणार नाही. त्यातले लोक दीड-दोन तास उभ्याने घरी जाणारे, आणि ठाण्याचा माणूस आत शिरला की दाराजवळ जागा अडवतो, मग उतरताना सगळ्यांना हलवतो, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. चढलात तरी ठाण्याला उतरायला मिळेल याची खात्री नाही. तुमची गाडी म्हणजे ‘ठाणे’ लिहिलेली धीमी. ती ठाण्याहूनच सुटते, म्हणून जाताना बसायला मिळतं. येताना ठाण्यालाच संपते, म्हणून उतरायची धावपळ नाही, सगळी गाडीच उतरते. वीस मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

तिकिटाचं थोडक्यात. ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचे १५ रुपये, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं. रेल्वेच्या रेलवन अॅपवर काढा, नाहीतर स्टेशनवरच्या यंत्रावर. खिडकीची रांग टाळता येईल तेवढी टाळा. तिकीट काढल्यापासून तासाभरात गाडीत बसायचं असतं, तेव्हा घरी बसूनच काढून ठेवू नका, घोडबंदर रोडवर तो तास कधी संपेल कळणार नाही. एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि महाग, पण दारं आपोआप बंद होतात, कोणी लोंबकळत नाही. एखादी सोयीच्या वेळेला मिळाली तर सासूबाईंसाठी एकदा पैसे खर्च करा. साध्या तिकिटावर मात्र एसीत किंवा फर्स्ट क्लासमध्ये चढू नका. दंड होतो, आणि ‘आम्ही परभणीचे’ हे कारण तिकीट तपासनीस रोज ऐकतात.

दुपारी चौघंही जनरल डब्यात एकत्र बसा. गर्दीची वेळ आलीच तर तुम्ही, सासूबाई आणि मुलगा लेडीज डब्यात. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे चालतं. सेकंड क्लासच्या डब्यात ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, तिथे कोणी तरुण बसला असेल तर सरळ ‘आजींना बसू द्या’ म्हणा, उठतात. तिघांच्या बाकावर चौथा बसतो हा इथला अलिखित कायदा आहे. ‘जरा सरकता का’ म्हटलं की टेकायपुरती जागा होते. आणि कोणी तुम्हाला ‘कुठे उतरणार?’ असं विचारलं तर ती चौकशी नाही, तुमची जागा त्यांनी बुक केली असं समजा. खरं ते स्टेशन सांगा.

चढण्याआधी घरातच एक गोष्ट ठरवून घ्या. चौघांपैकी कोणी फलाटावर राहिलं आणि गाडी सुटली, तर धावत्या गाडीतून उतरायचं नाही आणि मागे धावायचंही नाही. गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या धीम्या गाडीने तिथे यायचं. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते, म्हणून हे जमतं. जलदमध्ये जमत नाही. मुलाच्या खिशात तुम्हा दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोबाइल हातात धरून दारात उभं राहू नका, रुळांजवळून काठीचा फटका मारून तो पाडणारे असतात.

वाट विचारायचीही एक पद्धत आहे. ‘सिद्धिविनायकाला कसं जायचं हो?’ असं विचारलंत तर घाईतला माणूस तुमच्याकडे बघून पुढे जाईल, कारण उत्तर लांब आहे. ‘ही दादरला थांबते का?’ असं विचारा. मान हलवून उत्तर देता येईल असा प्रश्न असला की मुंबईचा माणूस कधी नाही म्हणत नाही.

सोमवारी सिद्धिविनायक आणि राणीबाग. अकराच्या सुमाराला ठाण्याहून धीमी पकडा, दादरला उतरा. दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वे आहेत. डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे आकडे सलग केलेत, पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. तेव्हा पूर्वी येऊन गेलेल्या कोणी ‘दादर एक नंबरला भेटू’ असं सांगितलं तर ते जुन्या हिशेबाने सांगतायत का ते आधी विचारा. पुलावरून पश्चिमेला उतरा, समोर फुलबाजार. दुर्वा, फुलं तिथेच घ्या, आणि टॅक्सीने प्रभादेवीला. इथून पुढे दक्षिणेला रिक्षा मिळणार नाही. शीव आणि माहीमच्या पलीकडे रिक्षाला बंदी आहे, काळी-पिवळी टॅक्सीच. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, चौघं बसता. सासूबाईंच्या गुडघ्यांना इथे खरा आराम आहे.

दर्शन झालं की तिथूनच टॅक्सीने भायखळ्याला राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पुन्हा दादरचे जिने नकोत. मुलाला पेंग्विन बघायचे असतील, तर पोचल्यावर आधी तिकडेच जा. तिकीट खिडकी संध्याकाळी लवकर बंद होते.

येतानाचा एक डाव सांगते, तो इथला प्रत्येक जुना प्रवासी जाणतो. संध्याकाळी साडेपाच-सहाला भायखळ्याहून ठाण्याची गाडी पकडायला गेलात तर ती सीएसएमटीहूनच भरून आलेली असेल. तेव्हा उलट जा. भायखळा ते सीएसएमटी पाच रुपयांचं तिकीट काढा. सँडहर्स्ट रोड, मस्जिद, की आलंच. त्या दिशेने गाडी रिकामी असते. तिकीट मात्र काढाच, काही लोक तसेच उलटे जाऊन जागा अडवतात आणि पकडले जातात. सीएसएमटीला बाहेर येऊन इमारत बघा, समोर महानगरपालिका, संध्याकाळचे दिवे लागलेले. काही खाऊन घ्या. मग आत जाऊन नवीन तिकीट काढून ‘ठाणे’ धीमीत बसून या. नऊनंतर निघालात तर आणखी बरं, घोडबंदर रोडही तोवर जरा मोकळा झालेला असतो.

मंगळवारी घारापुरी, आणि त्या दिवशी मात्र पहाटे उठायचं. घरातून सहाच्या आत निघा, साडेसहा-सातच्या धीम्याने आठपर्यंत सीएसएमटी, नाश्ता, टॅक्सीने गेटवे, नऊच्या सुमाराला लाँच सुरू होतात. पाण्यातून तासभर. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहान मुलांची असते तशी छोटी गाडी आहे, पण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंनी हट्टाने चढू नये, डोली मिळते. भाव चढायच्या आधी ठरवा, अर्ध्यावर नाही. लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर पुन्हा मागा. पावसाळ्यात येणार असाल तर समुद्र खवळला की लाँच बंद असतात, त्या दिवशी घारापुरीच्या ऐवजी गेटवेजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. बेटावरून एकच्या आसपास निघालात तर तीनची लोकल आरामात मिळते आणि ऑफिसं सुटायच्या आत तुम्ही घरी. त्रिमूर्तीसमोर मात्र घाई करू नका, ती अंधाराला डोळे सरावल्यावरच दिसते.

बुधवारी मावशी. नेरुळला जायला कुर्ल्याला कशाला जाता? ठाण्याहून थेट ट्रान्स हार्बर मार्गाची लोकल आहे, फलाट ९ आणि १०. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरुळ. पाऊण तास धरा. एवढंच बघा की गाडी पनवेलची किंवा नेरुळची आहे. वाशीची असेल तर ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते आणि मावशी बाजूला राहते. सकाळी ही गाडी ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत जाणाऱ्यांनी भरते, अकरानंतर मोकळी. साड्या, चादरी, भांडी घ्यायची असतील तर परत येताना ठाण्यातच जांभळी नाका आणि गोखले रोड करा. दोन्ही स्टेशनपासून चालत.

परतीचं तिकीट दादरहून काढलं असेल, तर आजच चढण्याचं ठिकाण बदलून ठाणे करून घ्या. हे ऐनवेळेवर ठेवू नका. न बदलता ठाण्याला चढायला गेलात आणि दादरला तुमच्या जागा रिकाम्या दिसल्या, तर त्या दुसऱ्याला दिल्या जाऊ शकतात. आणि त्या रात्री गाडीच्या वेळेच्या दोन तास आधी कासारवडवली सोडा. जाऊबाई म्हणतील, जेवूनच निघा, अर्ध्या तासात पोचाल. डबा भरून घ्या आणि फलाटावर जेवा.